सांकेतिक भाषेचे दुभाषे मिळत नाहीत, मग करायचं काय?

प्रश्न असा आहे: संस्थेत कर्णबधिर लोकांचं येणं-जाणं आहे, काही कर्मचारीही कर्णबधिर आहेत, पण सांकेतिक भाषेचा दुभाषी दर वेळी मिळत नाही. मिळालाच तर ऐनवेळी 'जमणार नाही' असं कळतं. मग आपल्याच एखाद्या माणसाला तीन महिन्यांचा कोर्स करायला लावला तर भागेल का? घरच्यांना सोबत आणायला सांगितलं तर? की एखादं ॲप वापरावं?

थोडक्यात सांगायचं तर तीन महिन्यांत दुभाषी तयार होत नाही, महत्त्वाच्या कामाला घरचं माणूस चालत नाही आणि ॲपवर अजून भिस्त ठेवता येत नाही. पण म्हणून हात टेकायचीही गरज नाही. दुभाषे कमी आहेत हे खरं, पण आहेत त्यांचे बरेचसे तास संस्थांच्या ढिसाळपणामुळे वाया जातात. नवी माणसं तयार व्हायला वर्षं लागतील. तासांची गळती मात्र पुढच्या महिन्यापासून थांबवता येते.

आधी तासांचा हिशेब समजून घ्या, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. दुभाषी एकाच वेळी ऐकतो, अर्थ लावतो, तो डोक्यात धरून ठेवतो आणि दुसऱ्या भाषेत मांडतो, तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. सलग २० ते ३० मिनिटांनंतर चुका वाढू लागतात. बोली भाषांच्या दुभाष्यांवर जिनिव्हात झालेला एक छोटा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातली खरी चिंतेची बाब अशी की दर्जा घसरला तरी दुभाष्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं. म्हणून तासाभराहून लांबणाऱ्या कामाला दोघे लागतात. दर १५-२० मिनिटांनी ते पाळी बदलतात. ज्याची पाळी नाही तो आराम करत नसतो; सुटलेलं नाव, आकडा किंवा तारीख तो जोडीदाराला पुरवत असतो. 'एकच माणूस बोलवा, दुसऱ्याचा खर्च वाचेल' ही सर्वांत जास्त केली जाणारी काटकसर आहे. तिचा परिणाम असा होतो की बैठकीच्या उत्तरार्धात कर्णबधिर माणसाला बोलण्याचा फक्त सारांश मिळतो, आणि खोलीतल्या बाकी कुणाला ते कळतही नाही.

प्रवास, तयारी आणि विश्रांती धरली तर पूर्णवेळ दुभाष्याचे प्रत्यक्ष कामाचे तास आठवड्याला २० ते २५ धरावेत. आता सहा तासांची एक कार्यशाळा घ्या. दोघांचे मिळून १२ तास गेले, म्हणजे एका माणसाचा अर्धा आठवडा. आठवड्याला २५ तास वर्गात बसणारा एक विद्यार्थी दोन दुभाष्यांचा अख्खा आठवडा घेतो. 'एवढे दुभाषे आहेत, मग जातात कुठे?' याचं उत्तर या हिशेबात आहे. फिनलंडमध्ये कायद्यानेच कर्णबधिर व्यक्तीला वर्षाला किमान १८० तास आणि अंध-बधिर व्यक्तीला किमान ३६० तास दुभाष्याची सेवा मिळते. अशी तासांत मोजलेली हमी असली की किती माणसं शिकवून तयार करायची याचा अंदाज बांधता येतो. बाकी ठिकाणी 'दुभाषे वाढवा' एवढीच मागणी होते आणि ती हवेत राहते.

टंचाई मुळात आली कुठून? १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे शाळांमधून सांकेतिक भाषा हटवून फक्त बोलायला शिकवण्याचा ठराव झाला. पुढची जवळपास शंभर वर्षं जगभरच्या असंख्य शाळांत मुलांना हातांनी बोलायची बंदी होती. जी भाषा शाळेतच शिकवली जात नाही, तिचे दुभाषे येणार कुठून? सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण आहे हे भाषाशास्त्राच्या पातळीवर पहिल्यांदा ठोसपणे मांडलं गेलं १९६० मध्ये, अमेरिकेत विल्यम स्टोकी यांच्याकडून. दुभाष्यांची तिथली राष्ट्रीय नोंदणी संस्था १९६४ ची. भारतात या विषयाचं राष्ट्रीय संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं ते २०१५ मध्ये. म्हणजे हा पेशाच तरुण आहे. त्यात २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने, कलम ९ मध्ये, व्यावसायिक दुभाषे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. कायदा झाला की मागणी लगेच वाढते. माणूस तयार व्हायला मात्र पाच-सहा वर्षं लागतात.

पूर्वी हे काम कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांनी ओढलं. त्यांची भाषा अस्सल असते, पण असे लोक मुळातच थोडे. आणि घरात भाषा येते म्हणून न्यायालयात दुभाषी होता येत नाही. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला मराठीतून इंग्रजीत तत्काळ भाषांतर जमतं का?

आता तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल. त्यातून ओळख, वेळ, दिशा, कागदपत्रं, 'थांबा', 'पुढच्या खिडकीवर जा' एवढं बोलता येतं. स्वागतकक्षातल्या माणसासाठी हे उत्तम आहे, जरूर करा. पण सहज संभाषण जमायला कर्णबधिर शिक्षकांकडे आणि कर्णबधिर लोकांत वावरत साधारण दोन-तीन वर्षं जातात, आणि दुभाषेपणाचं शिक्षण त्याच्यानंतर सुरू होतं. शिकणाऱ्यांचा एक ठरलेला गैरसमज असतो: हातांनी दाखवता येऊ लागलं की भाषा आली. प्रत्यक्षात उलट दिशा अवघड असते. समोरचा कर्णबधिर माणूस त्याच्या नेहमीच्या वेगात बोलतो, ते समजून आवाजात मांडायचं, तिथे बहुतेक नवखे अडखळतात, मग अंदाजाने वाक्यं भरतात.

कुणाला काम द्यायचं हे ठरवताना म्हणूनच हीच दिशा तपासा. उमेदवाराने कधी न पाहिलेल्या कर्णबधिर व्यक्तीचं दहा मिनिटांचं नेहमीच्या वेगाचं चित्रीकरण दाखवा, न थांबवता, आणि त्याला आवाजात मांडायला सांगा. मग उलट दिशेने दहा मिनिटं. मूल्यमापनाला एक कर्णबधिर व्यक्ती आणि एक अनुभवी दुभाषी हवेतच. तपासताना वेगाकडे कमी आणि नावं, आकडे, नकार, 'कुणी कुणाला काय केलं' याकडे जास्त लक्ष द्या. आणखी एक खूण: चांगला उमेदवार न कळलेल्या जागी थांबून विचारतो. जो एकदाही थांबत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्या.

ही तपासणी कर्णबधिर माणसाशिवाय का करू नये, याचे पुरावे जगाने पाहिले आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेला यांच्या स्मृतिसभेत व्यासपीठावर उभा असलेला 'दुभाषी' अर्थहीन हातवारे करत होता. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या मॅनाटी काउंटीत चक्रीवादळाच्या इशाऱ्याच्या वेळी ज्याला उभं केलं होतं, त्याच्या खुणांतून 'पिझ्झा' आणि 'राक्षस' असलं काहीतरी निघत होतं. दोन्ही ठिकाणी नेमणाऱ्यांना भाषा येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांना कुणी आधी विचारलं नव्हतं. टंचाईचा सर्वांत वाईट परिणाम हाच: जागा रिकामी दिसू नये म्हणून कुणालाही उभं केलं जातं.

शिकून बाहेर पडलेले आणि कामाला लायक झालेले यांच्यात दोन-तीन वर्षांची दरी असते. तेवढ्यात सोबत घेऊन शिकवणारं कुणी मिळालं नाही, तर नवखा एकटा रुग्णालयात किंवा पोलिस ठाण्यात जातो, तोंडावर पडतो आणि पेशा सोडतो. अनुभवी दुभाष्यांना दिवसभर कामं असतात, त्यामुळे शिकवायला वेळ नसतो, त्यामुळे नवे तयार होत नाहीत, त्यामुळे जुन्यांवरचं काम आणखी वाढतं. अभ्यासक्रमांच्या जागा वाढवून हे चक्र तुटत नाही. ज्या संस्थेकडे नियमित काम आहे तिने जोडीतल्या दुसऱ्या जागेवर अधूनमधून नवख्याला, मानधन देऊन आणि कर्णबधिर व्यक्तीच्या संमतीने, बसवावं. सुरुवात अंतर्गत बैठका, ओळखपर सत्रं अशा कमी जोखमीच्या कामांपासून. काम संपल्यावर १५ मिनिटं दोघांनी बसून काय सुटलं ते पाहायचं. असे तास नोंदवत गेलात तर वर्षा-दोन वर्षांत तुमच्याच यादीत एक भरवशाचं नाव वाढतं.

दरम्यान आहेत ते तास कुठे खर्च करायचे हे ठरवावं लागेल. शस्त्रक्रियेची संमती, निदान सांगणं, प्रसूती, मानसोपचार, पोलिसांतला जबाब, न्यायालय, शिस्तभंगाची चौकशी, करारावर सही: इथे पात्र दुभाषी प्रत्यक्ष हवाच, आणि तो नसेल तर तातडीचा प्रसंग वगळता काम पुढे ढकला. ठरलेली फेरतपासणी, छोट्या मुलाखती, पालकसभेतली दहा मिनिटं व्हिडिओवरून होऊ शकतात. तारीख, वेळ, रक्कम, पत्ता हे लिहून द्या. त्यासाठी दुभाषी बोलावणं म्हणजे उधळपट्टी. मात्र लिहिण्याची मर्यादा ओळखा. ज्याला लहानपणी कुठलीच भाषा पूर्ण मिळाली नाही, त्याच्यासाठी लिखित मराठी ही कधीही न ऐकलेली परकी भाषा आहे. त्याने कागद वाचून मान डोलावली म्हणजे संमती झाली असं नाही. परिच्छेद दाखवून 'समजलं?' विचारू नका, 'आता तुम्ही काय करणार ते सांगा' असं विचारा.

ओठवाचनावर तर भार टाकूच नका. माळ, बाळ, भाळ, पाळ हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा, ओठ अगदी सारखेच हलतात. क, ख, ग, घ घशाजवळ घडतात, ते दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस संदर्भावरून अंदाज बांधत असतो, आणि औषधाच्या मात्रेबाबत अंदाज नको.

घरच्यांबद्दल थोडं कडक बोलावं लागतं. बहीण, नवरा, मुलगा हे भाषांतर करत नाहीत, ते निर्णय घेतात. वाईट बातमी गाळतात, लाजेचा प्रश्न विचारतच नाहीत, उत्तर स्वतःच देऊन टाकतात. कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीत तर आरोपीच दुभाषी म्हणून शेजारी बसलेला असू शकतो. लहान मुलांना तर या कामाला अजिबात जुंपू नये. सोबत म्हणून घरचे जरूर असावेत, भाषेची जबाबदारी मात्र त्यांच्यावर नको.

व्हिडिओवरची सेवा अनेकदा फसते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. खरं कारण पुष्कळदा आवाज असतं: दुभाष्याला डॉक्टर ऐकूच येत नाहीत, कारण टॅबलेट रुग्णाकडे वळवलेला असतो आणि डॉक्टर त्याच्या पाठीमागे बोलत असतात. बोलणाऱ्याजवळ वेगळा माइक ठेवा. चित्राचा वेग सेकंदाला २५ ते ३० फ्रेम असावा. त्याखाली गेलं की बोटांनी केलेली अक्षरं पुसट होतात. दोन्ही बाजूंना डोक्यापासून कंबरेपर्यंत आणि कोपरांसकट दिसलं पाहिजे. शक्य असेल तिथे तारेची जोडणी घ्या आणि टॅबलेट हलत्या दांडीच्या स्टँडवर लावा, म्हणजे झोपलेल्या रुग्णालाही दिसेल. दर आठवड्याला एक चाचणी कॉल करा, नाहीतर नेमक्या रात्री दोन वाजता पासवर्ड कुणाला माहीत नसतो. दृष्टी कमी असलेले, खूप घाबरलेले, भ्रमात असलेले, पालथे झोपलेले रुग्ण आणि लहान मुलं यांच्यासाठी ही सेवा वापरू नका. आणि सलाईन लावताना विचारा की मुख्य हात कोणता. त्याच हाताला सुई लागली तर रुग्णाचं अर्धं बोलणं बंद होतं. हात मागे बांधलेल्या आरोपीचं तर पूर्णच.

आता ॲपबद्दल. अशा ॲपमध्ये पडद्यावर खुणा करणाऱ्या संगणकी बाहुल्या असतात. त्यांच्याबद्दल जागतिक कर्णबधिर महासंघ आणि सांकेतिक दुभाष्यांची जागतिक संघटना यांनी २०१८ मध्ये संयुक्त निवेदन काढलं होतं. त्याचा आशय असा की आधीच तयार केलेल्या, न बदलणाऱ्या मजकुरापुरता असा वापर ठीक, जिवंत संवादासाठी नको. कारण तांत्रिक आहे. अनेक सांकेतिक भाषांत हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून होतो, नकार मान हलवून होतो, आणि कोण कुठे उभं आहे ते हवेतल्या जागांवर ठरवून पुढे तिकडे बोट करून बोललं जातं. खुणांचं भाषांतर करतो म्हणून दाखवल्या जाणाऱ्या, पण फक्त बोटांच्या हालचाली मोजणाऱ्या हातमोज्याला यातलं काहीच दिसत नाही. असे हातमोजे दर दोन-चार वर्षांनी बातम्यांत झळकतात, याचं आता हसू येतं.

बुकिंग हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. किमान दोन आठवडे आधी सांगा. सांगताना तारीख आणि सुरू-समाप्तीची वेळ, ठिकाण, किती कर्णबधिर व्यक्ती, त्या कोणती सांकेतिक भाषा वापरतात, विषय, बोलणाऱ्यांची नावं आणि प्रसंग नाजूक आहे का, एवढं द्या. स्त्री दुभाषी हवी का हे कर्णबधिर व्यक्तीलाच विचारा, तसंच कुणी नको आहे का हेही. हा समाज लहान असतो, दुभाषी ओळखीचा निघतो आणि काही गोष्टी ओळखीच्यासमोर बोलायच्या नसतात. स्लाइड, नावांची आणि संक्षिप्त रूपांची यादी दोन दिवस आधी पाठवा. ती न मिळाल्यामुळे प्रत्येक संज्ञा अक्षर-अक्षर दाखवत बसावी लागते आणि मधली वाक्यं निसटतात.

एका दिवशी अनेक कामं एकत्र बांधली तर प्रवास वाचतो. उदाहरणार्थ, दवाखान्यात कर्णबधिर रुग्णांना ठरावीक सकाळ देता येते. पण हा पर्याय म्हणून ठेवा, सक्ती नको. सगळे ओळखीचे एकाच बाकावर बसले तर कुणाला काय आजार आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

खोलीत दुभाष्याला बोलणाऱ्याच्या शेजारी, कर्णबधिर व्यक्तीच्या समोर जागा द्या. पाठीमागे खिडकी नको, उजेडामुळे चेहरा काळा दिसतो. प्रोजेक्टरसाठी दिवे घालवले तर दुभाष्यावर एक दिवा राहू द्या. 'त्यांना विचारा' असं दुभाष्याला सांगण्याऐवजी थेट त्या व्यक्तीकडे बघून बोला. स्लाइड दाखवली की काही सेकंद गप्प राहा, कारण एकाच डोळ्यांनी पडदा आणि हात दोन्ही वाचता येत नाहीत. बोलणं संपलं की दुभाष्याचे हात थांबेपर्यंत थांबा. हे मागे राहणं हळूपणा नव्हे. सांकेतिक भाषेच्या दुभाषेपणाचे अमेरिकी अभ्यासक डेनिस कोकली यांच्या १९८६ च्या अभ्यासात बोलणाऱ्याच्या दोन सेकंद मागे असलेल्या दुभाष्यांच्या चुका चार सेकंद मागे असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या होत्या. घाई करायला लावलंत तर चुका विकत घेताय.

कधीकधी पात्र दुभाषी येऊनही संवाद होत नाही. कर्णबधिर व्यक्ती शाळेत गेलेलीच नसते, घरातल्या खुणांवरच वाढलेली असते, किंवा दुसऱ्या देशातून आलेली असते. अशा वेळी कर्णबधिर दुभाषी जोडीला घ्यावा लागतो. ऐकू येणारा दुभाषी त्याला सांगतो, तो चित्रं, अभिनय, वस्तू यांतून समोरच्यापर्यंत पोहोचवतो. वेळ दुप्पट धरा. हा खर्च टाळून घेतलेला जबाब पुढे टिकत नाही.

मागणीच कमी करणारा उपाय फार थोड्या संस्था करतात: सांकेतिक भाषा येणाऱ्या माणसांना, विशेषतः कर्णबधिरांना, थेट सेवेच्या जागी नेमणं. खिडकीवर, समुपदेशनात, मदत केंद्रात असा एक माणूस बसला की रोजची पंधरा-वीस छोटी कामं दुभाष्याशिवाय उरकतात. स्वागतकक्षातल्या त्या तीन महिन्यांच्या कोर्सवाल्याची खरी जागाही इथेच, त्याच्या शेजारी. फक्त त्याला 'जरा आत ये, डॉक्टरांना सांग' म्हणून ओढू नका.

आणि आहेत ते दुभाषे टिकवा. मनगट, खांदे, मान यांची दुखणी या पेशात नेहमीची आहेत, आणि एकट्याने तासन् तास काम हे त्यांचं मोठं कारण. गोपनीयतेमुळे दिवसभर पाहिलेलं दुःख कुणाशी बोलता येत नाही, तेव्हा अवघड प्रसंगानंतर दुसऱ्या दुभाष्याशी, नावं न घेता, बोलायला वेळ द्या. कामाचे किमान दोन तास धरून पैसे द्या, काम वीस मिनिटांत संपलं तरी. त्यांचा अर्धा दिवस गेलेलाच असतो. ४८ तासांच्या आत काम रद्द केलंत तर पूर्ण मानधन, हे करारात लिहा. ती तारीख त्यांनी तुमच्यासाठी राखलेली असते, आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या कुणा कर्णबधिर माणसाला नकार दिलेला असतो. रद्द होताच लगेच कळवा, म्हणजे निदान तो नकार मागे घेता येईल.